अनंत क्रमिकेचे स्वर

डॅनिश संगीतकार पेर नॉरगॉर (१९३२–२०२५) यांची ‘अनंत क्रमिका’, म्हणजे ठरावीक नियमाने वाढत जाणारी संख्यांची ओळ, ०, १, −१, २, १, ०, −२, ३ अशी सुरू होते. प्रत्येक संख्या मूळ स्वरापासून किती पायऱ्या वर वा खाली जायचे ते सांगते.

गंमत अशी, की पहिल्यापासून दर चौथा स्वर वेचला, तर तीच चाल चौपट संथपणे पुन्हा मिळते.

त्यांची दुसरी सिंफनी (१९७०) या क्रमिकेवर उभी असून तिच्यात ध्यानमग्न चित्ताची स्थिरता जाणवते.

पुढे मनोरुग्णालयात दशके काढलेल्या स्विस चित्रकार अडॉल्फ वोल्फ्ली यांच्या चित्रांनी भारावून, नॉरगॉर यांनी चौथ्या सिंफनीत (१९८१) ही सुबक शिस्त सोडून अचानक उसळणारे, तुटणारे स्वर योजले.