मोटारीच्या अंगावरून वाहणारं पाणी

मोटार जळाली की गावात दोनच कारणं ऐकू येतात: लाइट खराब, नाहीतर वायंडिंग खराब. आमच्या शेतातल्या बोअरची मोटार तीन उन्हाळ्यांत दोनदा जळाली, तेव्हा आम्हीही लाइटलाच दोष दिला. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी घोडा उभा करून चेनपुलीनं एकेक पाइप वर घेतला. शेवटी मोटार आली. तिच्या अंगावर क्षाराचा पांढरा थर बसला होता, वरच्या टोकाला जास्तच जाड. मिस्त्रींनी पान्यानं खरवडला तर नाण्याएवढा पोपडा हातात आला. "अण्णा, ही लाइटनं नाही गेली," ते वडिलांना म्हणाले, "हिला पाणीच लागलं नाही."

पाण्यात बुडालेल्या मोटारीला पाणी लागलं नाही, हे उमजायला मला बरेच दिवस लागले.

सबमर्सिबलमध्ये पंप वर, मोटार खाली आणि दोघांच्या मध्ये पाणी ओढणारी जाळी असते. मोटारीला पंखा नसतो. पाणी भरलेल्या मोटारीत वायंडिंगची उष्णता आतल्या पाण्यात उतरते, तिथून स्टीलच्या नळकांड्यात आणि मग बाहेरच्या पाण्यात. ते बाहेरचं पाणी हलत असेल तरच उष्णता वाहून जाते. अशा मोटारी बनवणाऱ्या फ्रँकलिन इलेक्ट्रिकच्या हस्तपुस्तिकेत त्याचा वेग दिला आहे: ४ इंची मोटारीसाठी सेकंदाला किमान ७.६ सेंटिमीटर, ६ इंचीसाठी सुमारे १५, तेही पाणी ३० अंशांपर्यंत असेल तर.

मी आमच्या बोअरचं गणित मांडलं. बोअर साडेसहा इंची, मोटार ४ इंची, उन्हाळ्यात धार सेकंदाला अर्धा लिटर. सगळं पाणी खालून आलं असं धरलं, तरी वेग जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरतो, म्हणजे हवा त्याच्या निम्माही नाही. आणि आमचं पाणी खालून येतच नव्हतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून झिरपतं. आमचा मोठा झरा १४० फुटांवर आणि मोटार २६० फुटांवर, अगदी तळाला टेकवलेली. झऱ्याचं पाणी वरून खाली यायचं आणि जाळीतून थेट पंपात जायचं. मोटारीभोवतीचं पाणी मात्र गाळात उभंच असायचं. ते तापलं, तापलेल्या स्टीलवर क्षार धरला आणि त्या थरानं उष्णता आणखी कोंडली. इन्सुलेशनचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा वीजतंत्रातला जुना ठोकताळा आहे.

उपाय स्वस्त आहे, म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही याची मला फार खंत वाटते. मोटारीवर पाइपाचा तुकडा चढवायचा. तो जाळीच्या वर बंद हवा आणि मोटारीच्या बुडाखाली उघडा. मग वरून आलेल्या पाण्यालाही खाली जाऊन, मोटारीच्या अंगाला घासूनच जाळीपर्यंत यावं लागतं. आतला व्यास ११० मिलिमीटर ठेवला तर त्याच अर्ध्या लिटरचा वेग २२ सेंटिमीटर होतो. मोठ्या विहिरीत बोअरची मोटार सोडणाऱ्यांनी तर हा पाइप लावल्याशिवाय बटण दाबूच नये.

लाइटचा दोष नसतो असं नाही. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह २० टक्क्यांनी चढला तर उष्णता ४४ टक्क्यांनी. डीपीवरचा डीओ फ्यूज उडून मोटार दोन फेजवर चालत राहिली, तर उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह पावणेदोन पटींच्या आसपास जातो. अशा वेळी ओव्हरलोड रिलेनं मोटार तोडायला हवी, पण ती सारखी पडते म्हणून अनेकांनी रिलेच जास्तीवर फिरवून ठेवलेला असतो. त्यात ऑटोस्टार्टर. रात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, बोअर रिकामा होतो आणि पहाटेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

दुसरं वायंडिंग झाल्यावर मोटार सोडताना मिस्त्रींनी घाई केली नाही. मोटार उभी धरली, गाळलेलं स्वच्छ पाणी भरलं, हलवली, बुडबुडे निघून जाऊ दिले आणि पुन्हा भरलं. आत हवा राहिली तर बेअरिंग कोरडं फिरतं. तिथं वंगणही पाणीच. मग पाइपाचा तुकडा चढवला आणि मोटार तळापासून १२ फूट वर टांगली.

स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून वडील आता खडूनं तारीख आणि अँपिअर लिहितात. आकडा वर सरकू लागला की मोटार बंद करतात आणि मिस्त्रींना फोन लावतात.