विमान-प्रतिकृतिसंच, जुने
खऱ्या विमानाच्या मापांशी ठरावीक प्रमाण राखून तयार केलेले, सुट्या भागांच्या रूपात मिळणारे व घरी जोडून रंगवावयाचे संच. यांतील सर्वांत रूढ प्रमाण १ : ७२ हे आहे. ते खऱ्या विमानाच्या ६ फुटांस प्रतिकृतीचा १ इंच या हिशेबातून आले. प्लॅस्टिकचे पहिले संच ब्रिटनमधील फ्रॉग या कंपनीने १९३६ मध्ये विक्रीस आणले. त्यांसाठी वापरलेले सेल्युलोज ॲसिटेट कालांतराने वाकते, त्यामुळे त्यांपैकी सरळ राहिलेले नमुने विरळाच. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन प्रचारात आले व एअरफिक्स, रेव्हेल, मोनोग्राम इत्यादींचे संच जगभर पोहोचले.

जुन्या संचाचे गुणदोष बव्हंशी त्याच्या साच्यात असतात. कोल्हापूरच्या ओतशाळांतील कारागिराला यातील फरक चटकन उमगेल : वाळूचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडावा लागतो, तर प्लॅस्टिकचे भाग काढण्याचा धातूचा साचा वर्षानुवर्षे वापरला जातो व झिजत जातो. झिजलेल्या साच्याच्या सांध्यांतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. तो धारदार पात्याने खरवडून काढावा लागतो. साचे देशोदेशी विकलेही जातात. फ्रॉगचे उत्पादन १९७०–८० या दशकात थांबल्यावर तिचे अनेक साचे सोव्हिएट संघात गेले व तेच संच नोव्हो या नावाने पुन्हा निघाले. जर्मन व जपानी विमानांचे साचे मात्र तिकडे गेले नाहीत. जुना संच जपून ठेवावा की जोडावा, या वादाचे उत्तरही येथेच सापडते. साचा शाबूत असेल, तर संच पुन्हा निघू शकतो आणि तो जोडण्यात काहीच गमवावे लागत नाही.

जोडणीपूर्वी भाग साबणाच्या पाण्याने धुतात. अन्यथा त्यांवरील तेलकट थरामुळे रंग धरत नाही. सांध्यांतील फटी मोटारी रंगविणारे जिला लांबी म्हणतात तशा लुकणाने भरून पाणकागदाने घासतात. मात्र जुन्या संचांवरील उठावदार रेषा व रिव्हेट या घासण्यात नाहीसे होतात. अस्तराचा रंग दिल्यावर पातळ थरांत मूळ रंग देतात. जाड थराखाली बारकावे बुजतात. नवशिक्यांची बहुतेक कामे येथेच फसतात.

कोल्हापूरसारख्या दमट पावसाळ्याच्या ठिकाणी आषाढ-श्रावणात फवाऱ्याने लॅकर देणे टाळावे. हवेतील बाष्पामुळे तो पांढुरका पडतो. पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे पिवळी पडली असल्यास ती काचेच्या तावदानास आतून लावून उन्हात ठेवतात, म्हणजे पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. या कामासही पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागते.

चिन्हांच्या बाबतीत खोक्यावरील चित्रावर विसंबू नये. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील भारतीय हवाई दलाच्या हरिकेन विमानांवर तांबडा ठिपका नव्हता, कारण जपानी विमानांवरील तांबड्या गोलाशी त्याची गल्लत होई. त्याऐवजी निळ्याच्या दोन छटा वापरीत. संचात मिळणारे नेहमीचे ब्रिटिश चिन्ह तेथे चुकीचे ठरते. हल्लीच्या भारतीय चिन्हात केशरी कडे बाहेर, मध्ये पांढरे व आत हिरवे वर्तुळ असते.

कित्येकदा चूक रंगात नसून आकारातच असते. एअरफिक्सचा जुना नॅट संच ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचा, म्हणजे दोन आसनांचा आहे. १९६५ च्या युद्धात लढलेले व बंगलोर येथे परवान्याने बांधलेले भारतीय नॅट एक आसनी होते. त्याच्या पंखांचा विस्तार सु. ६·७ मी., तर प्रशिक्षण विमानाचा सु. ७·३ मी. आहे. १ : ७२ प्रमाणात हे अनुक्रमे सु. ९·३ सेंमी. व १०·२ सेंमी. होतात. प्रशिक्षण विमानाचा सांगाडाही लांब आहे. म्हणून त्या संचास केशरी-पांढरे-हिरवे चिन्ह लावले, तरी तो भारतीय नॅट होत नाही. त्यासाठी पंख, शेपूट व चालककक्ष कापून नव्याने घडवावे लागतात.