उंच केलेल्या पिकअप गाडीचे हादरे : कारणे व उपाय

शेतमाल बाजारात ज्या स्थितीत पोहोचतो, त्यावर त्याचा भाव ठरतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथे टोमॅटो नेणाऱ्या शेतकऱ्यांस याचा अनुभव आहे. उत्तम तोडणी व काळजीपूर्वक प्रतवारी करूनही वरच्या थरातील फळे वाटेत आपटून मऊ पडतात. मागील चाकांच्या वर व त्यामागे ठेवलेल्या क्रेटमध्ये हे नुकसान अधिक होते, कारण हादरे तेथे सर्वांत जास्त बसतात.

चिखलाच्या वाटा, उसाच्या सऱ्या व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या यांतून गाडी नेताना तिचा तळ घासू नये म्हणून अनेक शेतकरी पिकअप गाडी उंच करून घेतात. त्यानंतर गाडी फार उडते, अशी तक्रार सुरू होते. पुष्कळदा यावर आणखी एखादा पाटा चढवला जातो. त्यामुळे दोष कमी न होता वाढतो. म्हणून हादऱ्यांचे मूळ आधी शोधून मगच खर्च करावा.

हादरे का वाढतात?

पाट्यांच्या संचाचे काम दबून धक्का पोटात घेण्याचे आहे. संच जितका ताठ, तितका तो कमी दबतो. गाडी व माल यांच्या एकूण भाराने पाटे 10 सेंटीमीटर दबत असतील, तर धक्क्यानंतर गाडी मिनिटास सुमारे 95 वेळा या गतीने खालीवर होते. तेवढ्याच भाराने ते केवळ 2.5 सेंटीमीटर दबू लागले, तर हीच गती मिनिटास सुमारे 190 होते. पाट्याची जाडी दुप्पट केल्यास त्याचा ताठपणा आठपट होतो. एकच जाड पाटा घातल्याने गाडीची चाल पार का बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळा बसवून गाडी उंच केली असल्यास पाट्यांचा ताठपणा बदलत नाही. तेथे दोष बहुधा शॉक ॲब्सॉर्बरचा असतो. गाडी उंच झाली, पण शॉक ॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचा राहिला, तर तो पूर्ण ताणल्या स्थितीच्या जवळ येतो. चाक खड्ड्यात उतरताच त्याची लांबी संपते व खाडकन आवाज होतो.

दोष कसा ओळखावा?

एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, गाडी एकदा रिकामी व एकदा नेहमीच्या भाराने चालवून पाहावी.

रिकामी गाडी उडते, पण भरल्यावर शांत चालते, असे आढळल्यास पाटे त्या कामास अधिक ताठ आहेत असे समजावे. दोन्ही वेळा खड्ड्यात ठोका बसत असल्यास शॉक ॲब्सॉर्बर, बुश अथवा रबरी ठोकळे तपासावे. सपाट रस्त्यावर ठराविक वेगालाच थरथर होत असल्यास चाकांचे संतुलन किंवा प्रोपेलर शाफ्टचा बदललेला कोन कारणीभूत असू शकतो. तेथे पाट्यांस हात लावू नये.

उपायांचा क्रम

1. टायर थंड असताना हवा मोजावी. गाडीवरील पट्टीत रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब पाळावा. हवा जादा असल्यास ती योग्य करण्यास काहीच खर्च येत नाही.

2. गाडी सपाट जागी उभी करून शॉक ॲब्सॉर्बरच्या दोन्ही टोकांमधील अंतर मोजावे. ते त्याच्या पूर्ण मिटलेल्या व पूर्ण ताणलेल्या लांबीच्या साधारण मध्ये असावे. तसे नसल्यास योग्य लांबीचा बसवावा. तेल गळत असल्यास जोडी एकदम बदलावी.

3. बुशांचे बोल्ट गाडीचा संपूर्ण भार चाकांवर असतानाच अखेरचे आवळावेत. चाके अधांतरी असताना आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत अडकते, चाल ताठ होते व बुश लवकर फाटतात.

4. शॅकलला पुढेमागे झुलण्यास मोकळी जागा आहे का ते पाहावे. पाट्यांस फार कमान दिल्यास शॅकल टेकतो व पाटे सरळ होऊ शकत नाहीत.

5. जादा घातलेला जाड पाटा काढून टाकावा. भाराची गरज खरोखरच असल्यास पातळ व लांब पाटा घ्यावा. पाटे गंजून एकमेकांस धरत असतील तर संच उघडून साफ करावा.

6. पुढे टॉर्शन बार असलेल्या गाडीत तो जास्त पिळून उंची वाढवलेली असल्यास चाकास खाली जाण्यास वाव उरत नाही. तो थोडा सैल करून मग चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

7. काढलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेत. ठोकळ्यावर ठोकळा चढवू नये व पुढील ॲक्सलवर ठोकळा मुळीच लावू नये.

ब्रेकविषयी विशेष सूचना

कित्येक पिकअप गाड्यांत मागील ॲक्सलला जोडलेल्या दांडीवरून गाडीत किती भार आहे हे जाणणारा एक व्हॉल्व्ह असतो. भार वाढला की तो मागील ब्रेकला अधिक दाब देतो. गाडी उंच केल्यावर ही दांडी पूर्ववत न जुळवल्यास भरलेली गाडीही त्यास रिकामी भासते व मागील ब्रेक कमी लागतो. घाटात भरलेली गाडी उतरवताना यातून जिवावर बेतू शकते. म्हणून हादरे गेले तरी ही जुळणी कार्यशाळेतून करून घेतल्याविना माल भरू नये.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून गाडी उंच करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे चौकशी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील पिकअपमालकांस एकत्र बोलावून वरील चाचणी एका गाडीवर प्रत्यक्ष करून दाखवावी. हवा मोजण्याचे यंत्र व मोजपट्टी एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. वर्षात काही दिवसच चिखलातून जावे लागत असेल, तर गाडी उंच करण्याऐवजी वाटेवर मुरूम टाकून ती दुरुस्त करण्याचाही विचार शेतकरी बंधूंनी अवश्य करावा.