मोह आणि पाप यांतील भेद

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज मोहाविषयी विनंती करतो. मग परमेश्वरच आपणांस मोहात घालतो काय? संत याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय स्पष्ट सांगतो की, देव कोणालाही मोहात घालीत नाही. हा गैरसमज टळावा म्हणून फ्रान्समधील ख्रिस्तसभेने डिसेंबर २०१७ पासून, तर इटलीतील ख्रिस्तसभेने नोव्हेंबर २०२० पासून या विनंतीची नवी शब्दरचना स्वीकारली.

मूळ ग्रीक शब्दात 'कसोटी' आणि 'मोह' हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. कसोटीने श्रद्धा दृढ होते. मोह पापाकडे ओढतो. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २८४७) आणखी एक भेद दाखवितो : मोह होणे वेगळे आणि मोहाला संमती देणे वेगळे. अरण्यात चाळीस दिवस उपवास करणाऱ्या प्रभू येशूलाही सैतानाने मोह घातला. तरी तो निष्पाप राहिला.

जमिनीच्या वाटणीवरून भावाविषयी मनात कटुता दाटून येते, हा मोह होय. ती जाणूनबुजून जोपासणे आणि त्याच्याशी अबोला धरणे, ही संमती होय. हा भेद न उमगल्यास आपण एक तर प्रत्येक विचाराला पाप समजून निराश होतो, अथवा प्रत्येक पापाला मोहाची सबब देतो.

गेथशेमानी बागेत प्रभूने शिष्यांना जागृत राहून प्रार्थना करण्यास सांगितले. तीच आपली ढाल आहे. तरीही आपण घसरलो, तर प्रायश्चित्त संस्काराचे द्वार आपल्यासाठी उघडे आहे.