मतपेटीचं विज्ञान, लेखांक १४ : अंगठा, डीएनए आणि दोन लिफाफे

कुलूपबंद मतांची बेरीज कशी करतात ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण राहुरीच्या कृषी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. प्रश्न असा : मतदाराची ओळख अंगठ्याच्या ठशावरून पटवली आणि त्याचं मत डीएनएच्या सांकेतिक लिपीत बंद केलं, तर निवडणुकीवरचे संशय मिटणार नाहीत का?

अशी रचना सुचवणारे बरेच शोधनिबंध मी वाचले आहेत. त्यातल्या बहुतेकांत डीएनए नावापुरतंच असतं. संगणकातल्या शून्य-एकच्या जोड्या पाडायच्या आणि ०० म्हणजे ए, ०१ म्हणजे सी, १० म्हणजे जी, ११ म्हणजे टी असं लिहायचं. परीक्षानळी नाही, रेणूही नाही. राहुरीतलाच 'र' घेऊ. युनिकोडच्या सोळा बिटांत तो ००००१००१००११०००० असा असतो. जोड्या पाडल्या की झाला ए-ए-जी-सी-ए-टी-ए-ए. 'ह' घेतला तर ए-ए-जी-सी-ए-टी-जी-सी. पहिली चार अक्षरं तीच! देवनागरीतलं कुठलंही अक्षर घ्या, सुरुवात ए-ए-जी-सी अशीच होणार, कारण युनिकोडमध्ये सगळ्या देवनागरीचे क्रमांक 'शून्य-नऊ'नेच सुरू होतात. फोडणाऱ्याला एवढा धागा पुरे. निबंधकार यावर आणखी एक किल्ली चढवतात हे खरं, पण मग जी काही सुरक्षितता आहे ती त्या किल्लीची. ए-सी-जी-टीने तिच्यात भर पडत नाही. पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालावं, गुपित फक्त किल्लीत असावं, हे गुप्तलेखनतज्ज्ञ केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवलंय.

खऱ्या रेणूंतलं गुप्तलेखन मात्र फार देखणं आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन क्लेलंड, विव्हियाना रिस्का आणि कार्टर बॅनक्रॉफ्ट यांनी नॉर्मंडीच्या ६ जूनच्या चढाईचा निरोप डीएनएच्या एका छोट्या धाग्यात लिहिला, तो माणसाच्या डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळला, त्याचा ठिपका कागदावरच्या पूर्णविरामावर बसवला आणि पत्र साध्या टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलं. दोन्ही टोकांचे प्रायमर, म्हणजे तिथे चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, ठाऊक असतील त्यालाच पीसीआर करून, म्हणजे प्रतींवर प्रती काढून, नेमका तो धागा वाढवता येतो. म्हणजे प्रायमर हीच किल्ली. पत्रलेखक रोज पीसीआर यंत्रापाशी असतील, त्यांना याची गंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल. रिस्का तेव्हा शाळकरी मुलगी होती, हेही त्यांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. पण हा निरोप एकाने एकाला पाठवायचा आहे. मतदान केंद्रावर हजारभर माणसं येतात आणि निकाल सगळ्यांसमोर लागतो. तिथे रेणूंचं काम नाही.

आता अंगठा. राहुरीच्या कुठल्याही रेशन दुकानात महिन्याच्या गर्दीत उभं राहा. पॉस मशीनवर एखादी आजी अंगठा ठेवते, पुसते, पदराने काच पुसते, पुन्हा ठेवते. 'अंगठा येत नाही' हे वाक्य आता गावोगाव रुळलंय. कोयता धरणाऱ्या, खुरपणाऱ्या हातांच्या रेषाच झिजलेल्या असतात. शंभरात एकाचाच अंगठा आला नाही असं धरलं, तरी हजार मतदारांच्या केंद्रावर दहा जण परत जातील, आणि ते दहा जण बहुधा ऊसतोडीचे किंवा म्हातारे असतील. मला हे मान्य होणार नाही. दुसरी अडचण अशी की इथे अंगठाच किल्ली होतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? २००८ मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबने तिथल्या गृहमंत्र्यांनी हाताळलेल्या पेल्यावरून त्यांचा ठसा उचलून चक्क छापून वाटला होता.

शिवाय ओळखीची व्यवस्था आपल्याकडे आहेच, आणि ती माणसांच्या हातात आहे. पोलिंग एजंट दोन रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीला हरकत घेऊ शकतो, मग केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर ओळख पटवून तुम्हाला टेंडर मताची कागदी मतपत्रिका मिळते.

खरी गाठ याच्या पुढे आहे. अंगठा सांगतो 'मी कोण'. मतदानाचा नियम म्हणतो, 'कोण' आणि 'कुणाला' यांची भेट कधीच होता कामा नये. अंगठ्याच्या यंत्राने वेळ नोंदवली, मताच्या यंत्राने क्रम नोंदवला आणि दोन्ही याद्या एका हाती पडल्या, तर गल्लीतल्या प्रत्येकाचं मत वाचता येईल. मग दोन्ही गोष्टी कशा साधायच्या? याचं उत्तर आपल्या टपाली मतदानात कधीचं आहे. मतपत्रिका १३-ब या आतल्या लिफाफ्यात, सहीचं प्रतिज्ञापत्र १३-अ त्याच्या बाहेर, आणि दोन्ही मिळून १३-क या मोठ्या लिफाफ्यात. मोजणीला आधी प्रतिज्ञापत्र तपासतात, ओळख पटली की आतला लिफाफा न उघडता बाजूला टाकतात. असे सगळे जमले, मिसळले, की मग उघडायचे. २००५ पासून इंटरनेटवर मतं घेणाऱ्या एस्टोनियाने संगणकात हेच दोन लिफाफे बसवले.

आणि संशय? तो चोरट्या मतदाराइतकाच यंत्राबद्दलही असतो. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत, राहुरी ज्यात येते त्या अहमदनगर मतदारसंघात, पराभूत उमेदवार सुजय विखे पाटील यांनी ४० केंद्रांसाठी तसा अर्ज केला. एका यंत्रसंचाचं शुल्क तेव्हा जीएसटीसह ४७,२०० रुपये होतं. हरलेल्याला हवी होती तपासणी, आणखी मजबूत कुलूप नव्हे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी हेच धरलं : मतदानाचे महत्त्वाचे टप्पे खास ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. मत कुणाला गेलं ते दाखवणारी, व्हीव्हीपॅटची सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आणि केंद्रावर किती मतं पडली ते सांगणारी, एजंटाच्या हाती येणारी १७-सी ची प्रत मला त्यासाठीच मोलाच्या वाटतात. त्या समजायला पीसीआर लागत नाही.

पत्रलेखकाने आणखी एक विचारलंय : चिठ्ठी न उघडता मतं मोजता आली तर? तीच ती राहिलेली बेरीज. पुढच्या आठवड्यात नक्की. कागद-पेन्सिल घेऊन बसा, मूळ संख्यांचे गुणाकार करायचे आहेत.