सहा पूर्णांक दोन तृतीयांश

माझ्या सरावाच्या वहीत बाईंनी लाल पेनाने एक टिंब गोल करून ठेवलं होतं आणि शेजारी विचारलं होतं, ‘हा सा कुठला?’ मला तर तार षड्जच लिहायचा होता, म्हणून सा लिहून त्याच्या डोक्यावर टिंब दिलं होतं. पण प्रश्न होता पलुस्कर पद्धतीने लिपीबद्ध करण्याचा. डोक्यावरचं टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तकाचं. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचं, आणि तार सप्तकाला तिथे डोक्यावर उभी रेघ द्यायची. उभी रेघ भातखंड्यांकडे काय, तर तीव्र मध्यम! माझा अंतरा वर चढायच्या ऐवजी सरळ विहिरीत उतरला होता.

तालाच्या खुणांचंही तेच. भातखंडे पद्धतीत फुली म्हणजे सम आणि शून्य म्हणजे खाली. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. स्वराखाली शून्य आलं तर ती अर्धी मात्रा आणि फुली आली तर चार मात्रा. एक विष्णु दिगंबर पलुस्कर, दुसरे विष्णु नारायण भातखंडे. दोघा विष्णूंनी खुणांपुरतं तरी एकमत करून ठेवायला हवं होतं, असं परीक्षेच्या आदल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वाटतं.

मी विशारदला बसले ती चव्वेचाळिसाव्या वर्षी. लग्नाआधी मध्यमा पूर्णपर्यंत झालं होतं, मग पेटी कपाटावर गेली ती वीस वर्षांनी खाली आली. गल्लीतली सात-आठ मुलं संध्याकाळी शिकायला यायला लागली. पुढे एका शाळेत गाण्याच्या तासाला कुणी हवं होतं म्हणून विचारायला गेले, तर पहिला प्रश्न आला, ‘विशारद आहात का?’ मी गाते कशी, शिकवते कशी, हे नंतर. प्रमाणपत्र आधी. राग आला, पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की मुलांना ‘असं म्हण’ यापलीकडे मी फारसं काही सांगतच नव्हते. ‘असंच का?’ असं एखाद्याने विचारलं की पेटीवर पुन्हा तेच वाजवून दाखवायचे.

आमचा क्लास सांगलीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी सुरू झाली की तिचा सूर काळी चारच्या थोडा खाली लागायचा, आणि तानपुरा काळी चारला. त्या चिमूटभर फरकाने डोकं उठायचं. बाई म्हणायच्या, ‘गिरणी ऐकू नका, तानपुरा ऐका. शाळेच्या वर्गात याहून जास्त आवाज असतो.’ बरोबर तिघंजण होते. औषधांचं दुकान चालवणारे एक काका, बारावीतली एक मुलगी आणि तबल्याकडून गाण्याकडे वळलेला एक तरुण. त्याचा आम्हा सगळ्यांना हेवा वाटायचा, कारण ताल त्याच्या बोटांत होता.

विशारदच्या परीक्षेत राग गाता येणं हा एक भाग झाला. लेखी पेपर असतात, तोंडी प्रश्न असतात, आणि ताल हातावर धरून ठाय, दुगुण, तिगुण, चौगुण बोलून दाखवावे लागतात. दुगुण-चौगुण सोपी. दोनाने भाग जातो, मनाला बरं वाटतं. खरी अडवते ती तिगुण.

झपताल घ्या. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा, समेपासून बोलून पुन्हा समेवर. आता हेच दहा बोल तिगुणीत एकदाच म्हणायचे आणि समेवर यायचं, तर सुरुवात कुठून? दहाला तीनाने भागा. ३ पूर्णांक १ तृतीयांश मात्रा लागणार. म्हणजे ६ पूर्णांक २ तृतीयांश मात्रा गप्प बसायचं आणि सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पहिला ‘धी’ टाकायचा. वहीत ते असं दिसतं: सातव्या मात्रेत ‘ऽऽधी’, आठवीत ‘नाधीधी’, नववीत ‘नातीना’, दहावीत ‘धीधीना’, आणि धाडकन सम. वहीत फार सुबक दिसतं. हातावर मात्र सहावी मात्रा खालीची, तिथे तळवा उलटा पडलेला असतो, सातवीला बोट मोजायचं आणि त्या बोटाच्या आत पुन्हा एक-दोन-तीन मोजायचं. मी पहिला महिनाभर सातव्या मात्रेवरच ‘धी’ टाकत होते आणि समेच्या आधीच पोचून उभी राहत होते, एस.टी. यायच्या आधी फाट्यावर पोचलेल्या माणसासारखी.

तबलजी मुलाने एक युक्ती सांगितली. भागाकार विसरा. सहावीपासून मनात सारखं ‘एकदोनतीन, एकदोनतीन’ चालू ठेवा आणि सातवीच्या ‘तीन’ला तोंड उघडा. ते जमलं. मग पोळ्या लाटताना, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, सगळीकडे गुडघ्यावर नाहीतर मांडीवर झपताल. घरचे म्हणाले, बाईला काहीतरी झालंय. पुढे १४ मात्रांचे चार ताल आले. धमार ५-२-३-४, झुमरा आणि दीपचंदी दोन्ही ३-४-३-४, आणि आडा चौताल दोन-दोनचे सात खंड. आडा चौतालात टाळी १, ३, ७, ११ ला आणि खाली ५, ९, १३ ला. त्याचा हात धरता धरता औषधवाले काका एकदा वैतागून म्हणाले, ‘यापेक्षा जीएसटीचं रिटर्न सोपं!’

रागांमध्ये मला गाठलं ते मारवा आणि पूरियाने. दोन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. स्वर तेच. त्यात तिसरा सोहनी, तोही त्याच स्वरांचा. कागदावर फरक लिहायला दोन ओळी पुरतात: मारव्यात रिषभ-धैवत पुढे, पूरियात गंधार-निषाद पुढे आणि ओढ मंद्राकडे, सोहनी वरच्या अंगाने तार षड्जापाशी घुटमळणारा. मी त्या दोन ओळी घोकल्या होत्या आणि गाताना पूरियाचा मारवा करत होते. बाईंनी पुस्तक मिटलं, तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मंद्र निषादावर चढवली आणि म्हणाल्या, ‘आता या निषादाला टेकून बस. गंधारापर्यंत जा आणि परत ये. रिषभावर थांबलीस तर मी तानपुरा बंद करीन.’ चार वेळा बंद केला. पाचव्यांदा रिषभ नुसता वाटेतला होता, घर गंधाराचं होतं. त्या तासाला त्यांनी मला दुसरं काही गाऊ दिलं नाही.

लेखीची तयारी मात्र बरीचशी पाठांतराची. ‘टीपा लिहा’ हा प्रश्न कुणी शोधून काढला त्याला माझा दंडवत नाही. २२ श्रुती, ४-३-२-४-४-३-२ अशी वाटणी. प्राचीन ग्रंथकारांनी शुद्ध स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवला आणि आधुनिकांनी पहिल्या श्रुतीवर. हे मी तीन वेळा लिहून पाठ केलं आणि तीनही वेळा का ते कळलं नाही. चरित्रांचंही तसंच. विष्णु दिगंबर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केलं, ज्याची परीक्षा आम्ही देत होतो. तारखा पाठ झाल्या. गुरूच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या या माणसाने वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षेत आणून बसवली, म्हणून माझ्यासारखी संसारातली बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी फॉर्म भरू शकते, हे मात्र कुठल्या टीपेत नव्हतं. भातखंडे मुंबईचे वकील. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. शिकवणाऱ्याने तो चाळावाच. गाइड वाचून आलेली मरगळ जाते.

एक टीप मात्र जिवंत निघाली. ‘गायकांचे गुणावगुण’. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला आणि त्यात गायकाचे २५ दोष सांगितले. दात आवळून गाणारा तो संदष्ट. कावळ्यासारखा आवाज तो काकी. उंटासारखी मान ताणणारा करभ. भोपळ्यासारखे गाल फुगवणारा तुंबकी. डोळे मिटून गाणारा निमीलक. शिवाय भीत, कंपित, सानुनासिक. मी यादी आरशाशेजारी चिकटवली आणि गाऊन पाहिलं. करभ निघाले. तार गंधाराला हनुवटी हमखास वर जायची. आणि मैफलीत डोळे मिटले की आपण ज्याला समाधी म्हणतो तो शार्ङ्गदेवाच्या हिशेबी दोष! पण शिक्षकाच्या दृष्टीने पाहिलं तर म्हातारा बरोबरच आहे. डोळे मिटून गाणाऱ्या बाईंसमोर चौथीचा वर्ग काय काय करील, सांगता येत नाही.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हरांड्यात सतरंजी, सगळ्यांचे घसे खाकरणं, कुणाच्या तरी थर्मासमधलं ज्येष्ठमधाचं पाणी. बाहेरगावचे परीक्षक. मला यमन विचारतील असं धरून चालले होते, तो विचारलाच नाही. पूरिया म्हणायला सांगितला, मध्येच थांबवून, ‘यातच मारवा दाखवा.’ मग झपताल, तिगुण, एकदाच. सातव्या मात्रेच्या ‘तीन’ला तोंड उघडलं. समेवर हात आणि बोल एकत्र पडले. परीक्षकांनी मान न उचलता काहीतरी लिहिलं. दुसरी श्रेणी मिळाली.

आता शाळेत जाते. वर्षभराच्या तयारीतलं वर्गात रोज उपयोगी पडतं ते फार थोडं, आणि जे पडतं ते बहुतेक हातावरचं. श्रुतींची वाटणी कुणी विचारत नाही. ‘बाई, आता टाळी की हात उलटा?’ हे दर तासाला विचारतात. म्हणून यंदा फॉर्म भरणाऱ्यांना एवढंच सांगते: राग तुमचे गुरू करून घेतील, तारखा शेवटच्या पंधरा दिवसांत होतील. घरातल्या एखाद्या गाणं न येणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि त्याला झपतालाची तिगुण हातावर शिकवायला आजपासून घ्या. मी माझ्या नवऱ्याला शिकवली. त्याला तीन आठवडे लागले, मला महिना लागला होता.