गोवरी: उपनगरातलं जुनं जळण

गोवरीला कोकणात शेणी म्हणतात. रानात चरणाऱ्या गुरांचं शेण जागच्या जागी वाळलं, की ती रानशेणी. थापलेली गोवरी मात्र हातची असते. ताज्या शेणात भुसा किंवा गवताचा चुरा कालवायचा, गोळा भिंतीवर नाहीतर जमिनीवर थापायचा, कडक उन्हात अधूनमधून उलटत वाळवायचा. वाळलेल्या गोवरीवरही थापणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात.

गवत-कडब्यातले न पचलेले तंतू शेणात उरतात आणि तेच जळतात. गोवरी भडकत नाही, मंद धुमसते. म्हणून दूध आटवायला, भाकरी शेकायला तिची धग सोयीची. मात्र वजनाला वजन धरलं तर लाकडापेक्षा उष्णता कमी, राख आणि धूर जास्त. बंद स्वयंपाकघरात तोच धूर फुप्फुसं पोखरतो. शिवाय शेण चुलीत गेलं, की शेताचं खत गेलं. बायोगॅसमध्ये दोन्ही साधतं: वायू चुलीला, उरलेली मळी शेताला.

मुंबई उपनगरात गोरेगावची आरे दुग्ध वसाहत 1949 साली उभी राहिली. तिथे आणि जोगेश्वरीच्या तबेल्यांत शेण मुबलक; चूल मात्र केव्हाच विझली. आता अंधेरी-बोरिवलीत गोवरी दिसते ती होळीत, होमात आणि स्मशानात. म्हातारपणासाठी ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ असं आपण उगाच म्हणत नाही.